घड्याळाला मोजू दे, तू फक्त वाच

अगं, तुझा निरोप मिळाल्यापासून माझ्या डोक्यात दुसरं काही नाही. शाळेच्या अडगळीच्या खोलीत बीबीसी मायक्रो सापडतो काय, तो अजून चालू निघतो काय, आणि त्यावर दहावीच्या मुलींना पडत्या गोळीवरून गुरुत्वीय त्वरण काढून दाखवायचं तुझ्या मनात येतं काय! मला फार बरं वाटलं. माझी सगळी नोकरी मोजमापाच्या उपकरणांत गेली, म्हणून यातलं थोडं तुझ्या कानावर घालते. सावकाश वाच.

सगळ्यात आधी काळजीचं बोलते. ते यंत्र पुन्हा चालू करण्याआधी त्याचा वीजपुरवठ्याचा डबा दुरुस्तीवाल्याकडून तपासून घे. चालू झालं म्हणजे ठीक आहे असं समजू नकोस. त्या डब्यात विजेच्या मुख्य तारांवर गोंगाट गाळायला कागदी कपॅसिटर बसवलेले असतात. इतक्या वर्षांत त्यांचं वरचं कवच तडकतं, आत दमट हवा शिरते, आणि एक दिवस भर वर्गात ते फुटून खोलीभर धूर होतो. जगभर जुन्या बीबीसी मायक्रोंचं हे हमखास दुखणं आहे. कपॅसिटर थोड्या पैशांत बदलून मिळतात. पण डबा तू स्वतः उघडू नकोस. तिथे २३० व्होल्ट असतात, आणि प्लग काढल्यावरही काही वेळ आत वीज साठलेली असते. हे झाल्याशिवाय पुढचं काही करायचं नाही, एवढं माझं ऐक.

आता तुझा प्रश्न. मीटरभर उंचीवरून गोळी सोडली की बेसिक भाषेतलं टाइम हे घड्याळ कधी ४५ देतं, कधी ४६. त्याच्या मधलं काही दिसत नाही. यातून मायक्रोसेकंद काढता येतील का, असं तू विचारतेस. येतील. यंत्रात ती सोय पहिल्यापासून आहे. पण मायक्रोसेकंद मोजणारं घड्याळ असणं आणि तुला मायक्रोसेकंद कळणं यांत बरंच अंतर आहे. मला तुला खरं तर त्या अंतराबद्दलच सांगायचंय.

आधी टाइमकडे बघ. बीबीसी मायक्रो केंब्रिजच्या एकॉर्न कंपनीने १९८१च्या अखेरीस बाजारात आणला. ब्रिटिश नभोवाणीच्या संगणक साक्षरता मोहिमेसाठी तो बनवला होता, म्हणजे तो मुळातच शाळेसाठी जन्मलेला. आपल्याकडे १९८४-८५ साली सरकारच्या 'क्लास' प्रकल्पातून तो अडीचशेच्या आसपास शाळांत पोचला, आणि मोहालीच्या सेमीकंडक्टर कॉम्प्लेक्सने तेच यंत्र 'युनिकॉर्न' नावाने काढलं. तुझ्या खोलीतलं यंत्र त्याच वाटेने आलं असणार. त्यातलं बेसिक सोफी विल्सन यांनी लिहिलं. मुलींना हे आवर्जून सांग. यंत्राच्या रचनेत त्यांच्यासोबत स्टीव्ह फर्बर होते, आणि आज आपल्या मोबाइलमध्ये ज्या जातीचे प्रोसेसर असतात, त्या एआरएमचा पहिला आराखडाही पुढे या दोघांनीच आखला. ज्या मुलीला वाटतं की संगणक म्हणजे दुसऱ्या कुणीतरी बनवून दिलेली वस्तू, तिला हे नाव माहीत असायला हवं.

या बेसिकमधलं टाइम सेकंदाचे शंभर भाग मोजतं. यंत्रात ६५२२ नावाच्या दोन चिपा आहेत, त्यांना व्हीआयए म्हणतात. प्रत्येकीत दोन टायमर असतात. पहिल्या चिपेतला, म्हणजे सिस्टिम व्हीआयएतला, पहिला टायमर दर दहा मिलिसेकंदांनी प्रोसेसरला हाक मारतो. प्रोसेसर हातातलं काम बाजूला ठेवतो, घड्याळाचा आकडा एकाने वाढवतो आणि परत कामाला लागतो. ही हाक म्हणजेच इंटरप्ट.

तो टायमर एका मायक्रोसेकंदाला एक असा उलटा मोजत शून्यावर येतो. दहा मिलिसेकंद म्हणजे १०,००० मायक्रोसेकंद, म्हणून तुला वाटेल की त्यात १०,००० भरले असतील. तसं नाही. त्यात ९,९९८ भरलेले असतात. कारण शून्यावर पोचल्यावर त्याला खाली उतरायला आणि पुन्हा पहिला आकडा उचलायला मिळून दोन मायक्रोसेकंद जास्त लागतात. कुणी सरळ मनाने १०,००० भरले असते, तर ते घड्याळ रोज सतरा सेकंदांच्या वर मागे पडलं असतं. हा दोनाचा हिशेब नीट लक्षात ठेव, पुढे तुला तो लागणार आहे.

आता ४५ आणि ४६चा अर्थ बघ. मीटरभर पडायला ०.४५२ सेकंद लागतात. पुण्याच्या अक्षांशाला आणि उंचीला गुरुत्वीय त्वरण, म्हणजे जी, साधारण ९.७८ भरतो, तो धरून हे गणित केलंय. तू ४५ धरलेस तर जी ९.८८ येतो, ४६ धरलेस तर ९.४५. वर्गातल्या बऱ्याच मुलींना एक उत्तर येणार, बाकीच्यांना दुसरं, आणि त्यांना वाटणार की पुस्तकातलं खरं आणि प्रयोग खोटा. हे मला अजिबात नको आहे. म्हणून तू बारीक घड्याळ शोधतेयस ते बरोबरच आहे.

ते घड्याळ दुसऱ्या व्हीआयएत आहे. तिला यूजर व्हीआयए म्हणतात, प्रिंटरचं काम सोडलं तर ती तुझ्यासाठीच मोकळी ठेवलेली आहे. सिस्टिम व्हीआयएला मात्र हात लावू नकोस. कीबोर्ड, आवाज, टाइम, सगळं तिच्यावर चालतं. यूजर व्हीआयएचे दोन्ही टायमर सोळा बिटांचे आहेत आणि मायक्रोसेकंदाला एक असे उतरतात. बेसिकमध्ये पत्त्याआधी प्रश्नचिन्ह लावलं की त्या पत्त्यावरचा आकडा वाचता येतो, बदलताही येतो. म्हणून पहिल्या झटक्यात वाटतं की गोळीच्या वाटेत वर आणि खाली एकेक दिवा लावायचा, गोळी पहिल्या दिव्यासमोरून गेली की टायमर वाचायचा, दुसऱ्या दिव्यासमोरून गेली की परत वाचायचा, वजाबाकी केली की झालं.

तसं करू नकोस. या वाटेवर तीन खड्डे आहेत, आणि तिन्ही वरून दिसत नाहीत.

पहिला खड्डा सोळा बिटांचा. सोळा बिटांत ६५,५३६ मायक्रोसेकंद मावतात, म्हणजे सेकंदाचा पंधरावा भाग. तेवढ्या वेळात गोळी जेमतेम दोन सेंटिमीटर खाली येते. मीटरभर पडेपर्यंत टायमर सहा वेळा पूर्ण फिरून सातव्या फेरीत असतो, आणि कितवी फेरी चालू आहे ते तो तुला सांगत नाही.

दुसरा खड्डा त्याहून वाईट, कारण त्यातून येणारं उत्तर पटण्यासारखं दिसतं. सोळा बिटांचा आकडा दोन पत्त्यांवर अर्धा-अर्धा ठेवलेला असतो आणि प्रोसेसर एका वेळी एकच अर्धा वाचू शकतो. टायमर तोवर थांबत नाही. समज, आकडा २५६ आहे, म्हणजे वरच्या अर्ध्यात १ आणि खालच्यात ०. तू वरचा अर्धा वाचलास, १ मिळाला. तेवढ्यात टायमर एकाने उतरून २५५ झाला. आता खालचा अर्धा वाचलास, २५५ मिळाले. दोन्ही जोडून तुझ्या हातात ५११ आले. हा आकडा टायमरमध्ये त्या क्षणी कधीच नव्हता. जुन्या स्कूटरचं किलोमीटरचं मीटर ९९वरून १००वर जाताना अर्धवट फिरलेलं असतं आणि नेमक्या त्याच वेळी आपण त्यावर नजर टाकतो, तसंच हे. आणि हे मशीन कोडमधलं झालं, जिथे दोन वाचनांत चार-पाच मायक्रोसेकंद जातात. बेसिकमध्ये दोन वाचनांत मिलिसेकंदाच्या घरातला वेळ जातो. तेवढ्यात खालचा अर्धा दोन-तीनदा पूर्ण फिरून आलेला असतो. त्या आकड्याला काहीच अर्थ नाही.

टाइम बनवणाऱ्यांना हे चांगलं ठाऊक होतं. म्हणून त्यांनी त्या पाच बाइटांच्या घड्याळाच्या दोन प्रती ठेवल्या. इंटरप्ट दर वेळी आलटून-पालटून एकीत नवा आकडा लिहितो, आणि वाचणाऱ्याला नेहमी लिहून पूर्ण झालेली प्रत मिळते. टाइम ढोबळ असेल, पण ते फाटका आकडा कधी देत नाही. मला त्या माणसांचं कौतुक वाटतं ते यासाठी.

तिसरा खड्डा म्हणजे तोच इंटरप्ट. तू दिव्याकडे डोळे लावून मशीन कोडमध्ये घिरट्या घालत बसलीस, तरी सेकंदाला शंभर वेळा प्रोसेसर उठून घड्याळ आणि कीबोर्ड बघायला जाणार. गोळी नेमकी तेव्हा दिव्यासमोरून गेली तर तुझी नोंद उशिरा होते, आणि किती उशिरा ते दर वेळी वेगळं. इंटरप्ट बंद करता येतात. पण दहा मिलिसेकंदांपेक्षा जास्त वेळ ते बंद राहिले, तर टाइमचे ठोके कायमचे बुडतात, कारण टायमरची एकच हाक थकीत राहू शकते, दोन नाही.

एक गोष्ट मात्र या यंत्राच्या बाजूने आहे. त्याच काळातल्या कमोडोर ६४मध्ये पडदा रंगवणारी चिप दर फ्रेमला पंचवीस ओळींवर प्रोसेसरला चाळीसेक चक्रं खोळंबून ठेवते. तिथे नुसता प्रोग्रामचा वेग मोजायचा तरी लोक पडदा काळा करून घेत. बीबीसी मायक्रोत मेमरी दुप्पट वेगाची घातली आहे, त्यामुळे पडदा आणि प्रोसेसर पाळी लावून ती वापरतात आणि एकमेकांना अडवत नाहीत. फक्त व्हीआयएशी बोलताना दोन मेगाहर्ट्झचा प्रोसेसर एका मेगाहर्ट्झच्या तालावर येतो आणि अर्धा-एक मायक्रोसेकंद थांबतो. तेवढं आपण विसरून जाऊ.

आता तू म्हणशील, ताई, सगळ्या वाटा बंद केल्यास, मग करायचं काय? तर मोजण्याचं काम प्रोसेसरकडे द्यायचंच नाही. टायमरला मोजू दे. गोळी स्वतःच टायमर चालू करेल आणि स्वतःच थांबवेल. सगळं शांत झालं की मग सावकाश, अगदी बेसिकमधून, आकडा वाचायचा. थांबलेला आकडा फाटत नाही, त्याला इंटरप्टची भीती नाही, आणि वाचायला तुला कितीही वेळ लागला तरी बिघडत नाही. माझ्या सगळ्या सल्ल्याचं सार यातच आहे.

हे ६५२२मध्ये कसं जमतं ते बघ. तिच्या पहिल्या टायमरला सांगता येतं की शून्यावर आलास की दर वेळी पीबी७ या पायावरचा व्होल्टेज उलटा कर. म्हणजे त्या पायावर चौकोनी लाट तयार होते, प्रोसेसरच्या मदतीशिवाय. आणि दुसऱ्या टायमरला सांगता येतं की मायक्रोसेकंद मोजू नकोस, पीबी६ या पायावर व्होल्टेज जितक्या वेळा खाली येईल तितके मोज. यंत्राच्या पोटाखाली वीस पायांचा यूजर पोर्ट आहे. त्यात पीबी६ अठराव्या पायावर आहे, पीबी७ विसाव्यावर. पहिला टायमर लाट सोडतो, दुसरा ती मोजतो, आणि मधली तार तुझ्या ताब्यात. त्या तारेत एक फाटक बसव. गोळी वरच्या दिव्यासमोरून गेली की फाटक उघडेल, खालच्या दिव्यासमोरून गेली की बंद होईल. झालं तुझं घड्याळ.

लाट किती वेगाची हवी? इथे तो दोनाचा हिशेब लागतो. पहिल्या टायमरमध्ये ३ भरलेस तर दर ५ मायक्रोसेकंदांनी पायावरचा व्होल्टेज उलटेल. पूर्ण लाटेला एक चढ आणि एक उतार लागतो, म्हणजे १० मायक्रोसेकंदांची लाट. दुसरा टायमर अशा ६५,५३६ लाटा मोजू शकतो, म्हणजे ०.६५५ सेकंद. तुला हवेत ०.४५२. छान मावतात, आणि दीड मीटरची उंची घेतलीस तरी फेरी पूर्ण होत नाही.

बेसिकमध्ये भरायचे आकडे दशमानातच सांगते, यंत्राला ते चालतात. ६५१३४मध्ये ९६ टाक, म्हणजे या दोन टायमरांचे इंटरप्ट बंद होतात आणि प्रिंटरचा तसाच राहतो. ६५१२२मध्ये १२८, म्हणजे पीबी७ बाहेर बोलणारा आणि पीबी६ ऐकणारा. ६५१३१मध्ये २२४, म्हणजे पहिला टायमर लाट सोडणारा आणि दुसरा लाटा मोजणारा. मग ६५१२४मध्ये ३ आणि ६५१२५मध्ये ०, की लाट सुरू झाली. शेवटी ६५१२८मध्ये २५५ आणि ६५१२९मध्ये २५५, की दुसरा टायमर भरून तयार. गोळी पडून गेल्यावर आधी ६५१३३ वाच आणि त्यात ३२चा बिट लागलाय का बघ. लागला असेल तर टायमर शून्याखाली गेला, ते वाचन टाकून दे. हे आधी बघायचं, कारण ६५१२८ वाचलं की तो बिट आपोआप पुसला जातो. मग ६५१२९च्या आकड्याला २५६ने गुण, त्यात ६५१२८चा मिळव, आणि ६५,५३५मधून वजा कर. तेवढ्या लाटा गेल्या. यंत्राला जोडलेला दुसरा प्रोसेसर असेल तर प्रश्नचिन्हाने हे पत्ते मिळणार नाहीत. मग ऑसबाइट १५० आणि १५१ वापरावे लागतील. तुझ्याकडे तसं काही दिसत नाही.

गोळी आणण्याआधी नुसती तार लावून बघ. यंत्र बंद कर, अठरा आणि वीस पाय जोड, यंत्र चालू कर. वरचे आकडे भर, टाइम शून्य कर आणि ते ५० होईपर्यंत थांब, मग ६५१३१मध्ये ३२ टाकून लाट थांबव आणि आकडा वाच. अर्ध्या सेकंदात ५०,०००च्या आसपास यायला हवा, हजारभर इकडे-तिकडे. हा फरक टाइमच्या ढोबळपणाचा आणि बेसिकच्या संथपणाचा आहे. मुलींना तो आकडा जरूर दाखव. दोन घड्याळं एकमेकांना साक्ष देतात हे त्यांनी स्वतः बघावं. आणि तार लावताना यंत्र बंदच हवं. यूजर पोर्टचे पाय थेट चिपेला जातात, मध्ये काहीही संरक्षण नाही. पहिल्या आणि तिसऱ्या पायावर पाच व्होल्ट आहेत, ते चुकून दुसरीकडे टेकले तर चिप गेलीच म्हणून समज.

आता फाटक. तू दिव्यासमोर उजेड ओळखायला एलडीआर लावलेस असं लिहिलंयस. ते काढ. एलडीआरला अंधार झाल्याचं कळायला दहा-दहा मिलिसेकंद जातात, आणि किती जातील ते त्या दिवशीच्या उजेडावरसुद्धा ठरतं. त्याच्यापुढे मायक्रोसेकंदाचं घड्याळ ठेवून काही मिळत नाही. त्याऐवजी फोटोट्रान्झिस्टर घे, ते काही मायक्रोसेकंदांत उत्तर देतात. त्यांचा सिग्नल ७४एलएस१४ या चिपेतून ने, म्हणजे कडा स्वच्छ होतील. उजेड असताना ट्रान्झिस्टर वाहता राहतो, गोळी आडवी आली की बंद होतो, आणि ७४एलएस१४च्या पलीकडे त्याच क्षणी पातळी खाली जाते. तुला हेच हवंय. पुढे ७४एलएस००ची एकच चिप पुरते. तिच्यात चार नँड असतात. दोन एकमेकांत गुंफून लॅच कर, वरच्या दिव्याने उघडणारी आणि खालच्या दिव्याने बंद होणारी. तिसऱ्यात लॅच आणि पीबी७ची लाट एकत्र आण आणि तिथून पीबी६ला जा. वीज आल्यावर लॅच कुठल्या बाजूला आहे ते ठाऊक नसतं, म्हणून सुरुवातीला खालच्या दिव्यासमोरून एकदा बोट फिरव आणि मगच दुसरा टायमर भर.

गोळी सोडायची कशी, यात पुष्कळ प्रयोग बिघडतात. विद्युतचुंबकाने धरून सोडायची आणि वीज तोडली तो क्षण सुरुवात मानायची, ही पद्धत बऱ्याच प्रयोगशाळांत असते. पण वीज गेल्यावरही चुंबकत्व थोडा वेळ रेंगाळतं, आणि गोळी काही मिलिसेकंद उशिरा सुटते. म्हणून सुरुवात वरच्या दिव्याकडूनच घे. पण तिथे पोचेपर्यंत गोळीला थोडा वेग आलेला असतो, तो आपल्याला माहीत नाही. त्याला काढून टाकायची युक्ती आहे. गोळी सोडायची जागा आणि वरचा दिवा अजिबात हलवू नकोस, फक्त खालचा दिवा दोन उंचींवर लावून मोज. प्रत्येक वेळी दोन दिव्यांतल्या अंतराला वेळेने भाग. दोन भागाकारांतला फरक काढ, त्याला दोन वेळांतल्या फरकाने भाग आणि दुप्पट कर. उत्तर जी. सुरुवातीचा वेग वजाबाकीत आपोआप उडून जातो. मुलींना हे फळ्यावर मांडायला लाव. बीजगणित कशासाठी शिकायचं, असं त्या नंतर विचारणार नाहीत.

आणि हे नीट ऐक, कारण तुझ्या डोक्यात मायक्रोसेकंद बसलाय हे मला दिसतंय. आपल्या घड्याळाची चूक एका लाटेची, म्हणजे १० मायक्रोसेकंदांची. मीटरभर पडल्यावर गोळीचा वेग सेकंदाला ४.४ मीटर असतो. एक मिलिमीटर ओलांडायला तिला २२५ मायक्रोसेकंदांच्या वर लागतात. म्हणजे खालचा दिवा मिलिमीटरभर इकडे-तिकडे लागला, तर ती चूक घड्याळाच्या चुकीच्या वीसपट आहे. आता तुझी मोजपट्टी घड्याळापेक्षा कच्ची ठरली. त्यामुळे घड्याळ आणखी बारीक करण्यात एकही संध्याकाळ घालवू नकोस. ती संध्याकाळ दिवे पक्के बसवण्यात आणि अंतर मोजण्यात घाल. चांगली स्टीलची पट्टी घे, आणि दिव्याची किरणरेषा कुठे कापली जाते तिथून तिथपर्यंत अंतर घे, डब्याच्या कडेपासून नको.

राहिला प्रश्न घड्याळ खरं आहे का, याचा. बारीक असणं वेगळं, खरं असणं वेगळं. यंत्रातले सगळे ठोके १६ मेगाहर्ट्झच्या एकाच स्फटिकातून येतात. टाइमचे तिथूनच, तुझ्या लाटेचेही तिथूनच. त्यामुळे टाइम तपासलं की तुझं घड्याळ आपोआप तपासलं जातं. आणि टाइम तपासायला त्याचा ढोबळपणा आड येत नाही. भारतीय प्रमाणवेळ दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेत राखली जाते, आणि तुझ्या फोनवरची नेटवर्कची वेळ या कामाला भरपूर खरी आहे. सकाळी फोनवर सेकंद बघून टाइम शून्य कर. बरोबर चोवीस तासांनी वाच. ८६,४०,००० यायला हवेत. बोट दाबण्यात तुझी पाव सेकंदाची चूक झाली, तरी दिवसभराच्या हिशेबात ती लाखात पाव भागाच्या आसपासच राहते. त्या दिवसात यंत्रावर दुसरं काहीही करू नकोस, आणि वीज जाणार नाही अशी सोय कर, एखादा यूपीएस माग. समज, घड्याळ दिवसाला दोन सेकंद पुढे निघालं. तुझ्या पंचेचाळीस हजार लाटांत त्याचा फरक एका लाटेचा. म्हणजे गोळीच्या प्रयोगाला त्याने काही होत नाही. तरीही हे एकदा मुलींसमोर कर. आपलं घड्याळ किती खरं आहे हे कुणावर विश्वास न ठेवता काढता येतं, ही गोष्ट त्यांना दहावीत कळली तर किती बरं!

मुलींच्या प्रतिक्रियेचा वेळ मोजायचा खेळ तुला करायचाय, त्याला यातलं काहीच लागणार नाही. माणसाचा वेळ सेकंदाच्या पाचव्या भागाच्या आसपास असतो आणि एकाच मुलीचा दर वेळी बराच हलतो. टाइम पुरेसं आहे. फक्त पडद्यावर खूण उमटवण्याआधी एफएक्स १९ ही आज्ञा देऊन पडद्याच्या नव्या फ्रेमची वाट बघ, नाहीतर वीस मिलिसेकंदांपर्यंतची खोट आपोआप मिसळते. बटण यूजर पोर्टवर घे, कीबोर्डवर नको.

सुटे भाग आणायला तपकीर गल्लीत जाशील तेव्हा ७४एलएस००, ७४एलएस१४ आणि फोटोट्रान्झिस्टर दोन-दोन घे. ६५२२ कुणाकडे जुनी पडलेली मिळाली तर तीही घेऊन ठेव. जोडणी करून झाली की वीज देण्याआधी फोटो काढून मला पाठव, पाच व्होल्टची तार मी बघते.